उजवीकडे सोडलेली जागा

मी चौकट बोलतेय. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. लॅपटॉपच्या पडद्यावर एका कोपऱ्यातून तिरकं ओढत नेलं की तुटक रेघांची जी उमटते, ती मी. माझ्या आत येईल तेवढंच रेकॉर्ड होतं. बाहेरचं बाहेर राहतं. काम संपलं की मी पुसली जाते, ओढली की पुन्हा जन्मते. इतके जन्म मिळूनही घर मला एकच माहीत आहे. आदिलाबादच्या प्रतिभा मॅडमचं.

मॅडम भीमपूरकडच्या शाळेत मराठी माध्यमाच्या दहावीला गणित शिकवतात. कापूस वेचणीला आला की त्यांचा अर्धा वर्ग शेतात असतो. "पोरं शाळेत येत नाही तं शाळाच त्यायच्या मोबाईलवर धाडू," ही कल्पना त्यांच्या यजमानांची, संघपाल सरांची. सरही गणिताचेच. याच पोरांना खालच्या वर्गांत त्यांनी शिकवलं होतं. पण त्या हिवाळ्यात ते नागपूरच्या दवाखान्यात होते, लेक अर्पिता सोबतीला. मॅडम शनिवारी तिकडे जायच्या, रविवारी परतायच्या. इतर दिवशी सकाळी शाळेआधी व्हिडिओ कॉल लावून सरांच्या देखतच पोरांसाठी धडा रेकॉर्ड करायच्या. पडद्यावर डावीकडे लिहायचा डिजिटल फळा, उजवीकडे सरांची छोटी खिडकी.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. धडा झाला. सरांनी तो पाहायला मागितला, आणि त्यात स्वतःला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलं बापा? मले बनियनवर साऱ्या तालुक्याले दाखवतं?"

दूध आणायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस तो. मॅडम हसल्या. "तुमाले कोण पाहते वो? पोरं त्रिकोण पाहतीन."

सर हसले नाहीत. "पोरायनं मले फळ्यापाशी पाह्यलं हाय. तसाच राहू दे त्यायच्या डोक्यात."

मॅडमनी तो धडा पुसून टाकला. मला पुन्हा ओढलं, आणि माझी उजवी कड सरांच्या खिडकीच्या अलीकडेच थांबवली. त्या दिवसापासून मी तिथे राखणीला उभी राहिले. अमुक आत घेतलं याचा अभिमान सगळ्याच चौकटींना असतो. मला मात्र बाहेर काय ठेवलं याचा आहे.

सरांचा आवाज मॅडमच्या कानातल्या इअरफोनमध्ये जायचा. लॅपटॉपमधूनच जायचा, म्हणून मलाही ऐकू यायचा. रेकॉर्ड व्हायचा तो फक्त मॅडमचा. एकदा काटकोन त्रिकोणाचं गणित चाललं होतं. कर्ण तेरा, एक बाजू पाच, दुसरी काढायची. मॅडमनी सरळ दोन्ही वर्गांची बेरीज मांडली.

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "कर्णापेक्षा मोठी बाजू कुठून आणली? बाजारातून?"

"हो वो, दिसलं मले!" असं म्हणून मॅडमनी बेरजेची वजाबाकी केली.

पोरांना ऐकू गेलं ते एवढंच. मग काय, कापसाच्या ओळीओळींतून चेष्टा फिरली. प्रतिभा मॅडम त्रिकोणाले 'वो' म्हणतेत, नवऱ्याले म्हणावं तसं!

ही गंमत कळली तेव्हा सर इतके हसले की अर्पिताला त्यांना पाणी द्यावं लागलं. "पाहा," ते म्हणाले, "मी कोणाले न दिसता वर्गात आलो."

परीक्षेच्या आधी शेवटचा धडा झाला. सरांचा आवाज तोवर फार खाली गेला होता.

"झालं तुयं?"

"झालं."

"मंग आता ये."

मॅडमनी त्याच दुपारची बस धरली. सरांचा हात हातात धरून बसायला त्यांना थोडे दिवस मिळाले.

घरी परतल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि सगळे धडे एकामागून एक लावले. सर कुठेच नव्हते. मीच त्यांना कुठे येऊ दिलं नव्हतं. मग काटकोन त्रिकोण आला. 'हो वो, दिसलं मले.' मॅडम थांबल्या. तेवढंच मागे नेऊन त्यांनी पुन्हा ऐकलं. नंतर पदराने पडदा पुसला. पडद्यावर धूळ नव्हती.

निकालानंतर रुपा नावाची विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. "मॅडम, मोबाईल ओटीत ठेवून ऐकलं मी. एका हातानं कापूस, एका हातानं गणित." मग भिंतीवरच्या सरांच्या फोटोपाशी जाऊन हळूच म्हणाली, "सर बिमार होते म्हणतेत. मले तं अजून फळ्यापाशीच दिसतेत. इस्त्रीचा शर्ट, अन् बाहीले खडू."

मॅडमनी एक पेढा फोटोपुढे ठेवला. मला मात्र माझ्या चारही रेघा ताठ झाल्यासारखं वाटलं.

यंदा पुन्हा वेचणी सुरू झाली आहे. अर्पिता आता घरी असते. परवा ती म्हणाली, "आई, आता पूर्ण पडदा घे ना. एवढ्याशा जागेत काऊन लिहून राह्यली?"

"नको. मले एवढ्यातच लिहाची सवय हाय," मॅडम म्हणाल्या, आणि मला ओढत उजवीकडे न्यायला लागल्या. नेहमीच्या जागी आल्यावर त्यांचं बोट आपोआप थांबलं.

तुम्हीही कधी मला ओढाल. तेव्हा एकच करा, बोट उचलण्याआधी माझ्या कडेबाहेर एकदा बघा. आता निघते. मॅडमनी फळा उघडला आहे, आणि उजवीकडची जागा मला राखायची आहे.