टोपाच्या तळाची खरवड

या, मित्रांनो, जवळ सरकून बसा. आरतीला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट गोड नाही, पण खरी आहे. देवळात बसून खोटं बोलायची सोय नाही.

मी एक जुना पितळी टोप आहे. डोंबिवलीत, मानपाड्याच्या दत्तमंदिरात राहतो. कल्याणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. धोंडीबा नावाच्या शेतकऱ्याने नातू झाला म्हणून मला देवाला वाहिलं. तेव्हा इथे भातशेती होती, आता कारखाने आहेत. दर रविवारी दुपारी गोपीनाथबुवांचं कीर्तन होतं आणि मग माझ्यातला मसालेभात पंगतीत वाढतात. या टोपातल्या भाताला देवाची चव आहे, असं बुवा म्हणत आणि मी फुगून जाई.

रुचिता याच पंगतीत जेवून मोठी झाली. तिचे बाबा संदेश कारखान्यात कंत्राटावर, आई रतन लोकांकडे धुणीभांडी करणारी. ही पोर बुवांच्या मागे उभी राहून ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरायची. एकदा ऐकलं की अभंग पाठ. माझी स्मरणशक्ती मी हिच्यापाशी ठेवायला दिलीय, असं बुवा हसून सांगत.

मग बाबांचं काम सुटलं. त्याच वर्षी ती नववीत गेली. शाळेत आठवीपर्यंत खिचडी मिळते, नववीपासून बंद. भूक काही आठवीत थांबत नाही. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीने, ऋतिकाने, तिला डब्याचं विचारलं. रुचिता पटकन बोलून गेली की तिचा चातुर्मासाचा नेम आहे. एकभुक्त राहते, फक्त रात्री जेवते.

ऋतिकाने ते कौतुकाने आजीला सांगितलं. आजी म्हणजे योगिनीबाई, आमच्या पंगतीत वाढणाऱ्या. पुढच्या रविवारी बुवांनी निरूपणात रुचिताचं नाव घेतलं. एवढ्याशा पोरीचा केवढा निग्रह, म्हणाले. साऱ्या मंडपाने माना डोलावल्या. पंगतीत योगिनीआजी भात वाढत वाढत तिच्यापाशी आल्या, तिच्या हातावर तीर्थ घातलं आणि पुढच्या पानावर गेल्या. त्यांना वाटलं, आपण पोरीचा नेम सांभाळतोय.

आठवड्यातलं एक पोटभर जेवण, तेही गेलं. रात्रीचं म्हणाल, तर कधी चहा-पाव, कधी नुसता चहा.

माझ्या घासलेल्या अंगावर समोरच्याचं तोंड दिसतं. दर रविवारी तिचं दिसायचं. डोळे भातावर, ओठ मिटलेले. ती उठून गेली तरी ते तोंड माझ्या अंगावरून जात नसे.

श्रावणात तिचं ध्रुपद अडखळू लागलं. भाद्रपदात ओळीच्या ओळी गळू लागल्या. ऋतिकाने टाळ मागितला तर ती अंगावर धावून गेली. बुवा म्हणाले, वय आहे. योगिनीआजी म्हणाल्या, कौतुकाने चढलीय. शाळेतून तक्रार आली की वर्गात लक्ष नसतं, उलट बोलते. शेवटी ठरलं, दत्तजयंतीला बुवांच्या मागे दुसरी मुलगी उभी करायची.

हे तिला सांगितलं त्या दुपारी ती मला घासायला म्हणून मागच्या नळावर घेऊन गेली. नळ सोडलाच नाही. कोपरापर्यंत हात आत घालून तळाची करपलेली खरवड नखांनी ओरबाडून खाऊ लागली. योगिनीआजी मागे आल्या आणि थबकल्या.

"अगं, नेम मोडलास? देवाला फसवतेस?"

रुचिताने मला लाथ मारली. कडेला हा पोचा दिसतोय ना, तो तेव्हाचा. मग खाली बसून म्हणाली,

"नेम नव्हताच, आजी. डबा नव्हता."

हात धुवायला आलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्यांत डॉक्टर चित्राताई होत्या. त्यांनी आधी तिला भात आणून दिला, मग बुवांना समजावलं. या वयात मेंदू अजून घडत असतो, त्याला रोजचं अन्न लागतं. आज जेवायला मिळेल का, याच घोरात तो अडकला तर लक्ष कुठलं, आठवण कुठली, आणि रागाला आवर तरी कोण घालणार? पोर बिघडलेली नाही, भुकेली आहे.

बुवा रुचितासमोर खाली बसले. मग म्हणाले, "मी भुकेला भक्ती म्हटलं. देवासमोर उभं राहून म्हटलं."

तेव्हापासून आमच्या पंगतीत कुणाला उपास आहे का, असं विचारत नाहीत. आधी वाढतात; नको असेल त्याने नको म्हणावं. योगिनीआजी ऋतिकाबरोबर रोज आणखी एक डबा पाठवतात. संदेशला शीळफाट्याला गोदामात काम मिळालंय, पण तेही आज आहे, उद्या नाही.

रुचिता आता जेवते. तरी वाढणारा जवळ आला की तिचा हात पानाभोवती जातो, कुणी पान ओढून नेईल म्हणून. पोट भरल्यावरही एखादी पुरी ओढणीत बांधते. भूक उठून गेली, धास्ती बसून राहिली. ती कधी जाईल, ते चित्राताईही सांगू शकत नाहीत.

दत्तजयंतीला बुवांनी तिलाच मागे उभं केलं. ध्रुपद आलं आणि तिला ओळ आठवेना. बुवांनी दुसऱ्या कुणाला खूण केली नाही. पेटी थांबली, मृदंग थांबला, सारा मंडप थांबला. ओळ आली नाही. अजूनही दर रविवारी बुवा तिथे तिच्यासाठी थांबतात. कधी ओळ येते, कधी येत नाही.

मित्रांनो, माझा पोचा तांबट ठोकून काढू शकेल. मी पितळेचा आहे, पोर पितळेची नसते. तुमच्या वर्गात कुणी रोज रोज "मला भूक नाही" म्हणत असेल, तर त्याची चौकशी करू नका, वाहवाही करू नका. शेजारी बसा, डबा दोघांच्या मध्ये ठेवा. आणि प्रसादाचा पहिला घास उचलताना माझ्या रुचिताची आठवण काढा.