वकीलबाईंच्या खोलीचे पडदे

काकूंनी तीस वर्षांत घरांचे, दवाखान्यांचे, एका नाटकमंडळीचेसुद्धा पडदे शिवले होते. पण फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लावून, दार घट्ट लोटून कुणी खिडकीचं माप घ्यायला सांगितलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"काकू, इथलं काम कुणाजवळ बोलायचं नाही बरं का," वकीलबाई म्हणाल्या.

काकूंच्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली.

झालं होतं असं. वकीलबाई आपल्या अशिलांना घरीच, मागच्या खोलीत भेटत. नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेल्या बायका, भावांनी घराबाहेर काढलेल्या बहिणी, अशी त्यांची कामं. दोन महिन्यांपासून या खोलीत बोललेलं समोरच्या वकिलाला आधीच कळत होतं. शेवटी बाईंच्या थोरल्या भावाने, दादांनी, टेबलाखालचा विजेचा बोर्ड उघडला. आत शेंगदाण्याएवढं यंत्र निघालं. खोलीतलं बोलणं ते बिनतारी बाहेर पोचवत होतं. कुणी कधी आणून ठेवलं, देव जाणे. पोलिसांत तक्रार झाली, पण बाईंची धास्ती जाईना.

"उद्या कुणी पुन्हा ठेवलं, तरी त्याचा आवाज या चार भिंतींबाहेर जाता कामा नये," त्यांनी दादांना बजावलं.

दादांची हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली; बिनतारी लहरी सलग धातूपुढे अडतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी भिंतींना, छताला, फरशीखाली तांब्याची बारीक जाळी लावून घेतली, दाराला पत्रा ठोकला. उरल्या दोन खिडक्या. त्यांच्यासाठी चांदीच्या धाग्यांनी विणलेलं कापड मागवलं आणि ते काकूंच्या मशीनवर येऊन पडलं.

कापड गार, सुळसुळीत आणि राखेच्या रंगाचं होतं. पन्हा लहान, म्हणून एकेका पडद्याला तीन पट्ट्या जोडाव्या लागल्या. काकूंनी जीव ओतून काम केलं. राखाडी रंग फारच रुक्ष वाटला, म्हणून आपल्याच मनाने आतून फिकट पिवळं सुती अस्तर लावलं. शिवणीत घेतलं, कडांवरूनही वळवलं. कुठे एक दोरा दिसेल तर शपथ!

पडदे लागले. दादांनी टेबलावर फोन ठेवला, दार लावलं आणि बाहेरून नंबर फिरवला. लहरी अडल्या असत्या तर आतला फोन वाजायलाच नको होता, पण तो खणखणीत वाजला.

दादांचा चेहरा पडला. दोन दिवस ते दाराच्या फटी तपासत राहिले, चौकटींतल्या तांब्याच्या पट्ट्या बदलत राहिले. फोन वाजायचा थांबेना. तिसऱ्या दिवशी काकू पडद्यांची उंची बघायला गेल्या, तर दादा हातोडा घेऊन भिंतीसमोर उभे.

"गिलावा फोडतो. जाळी कुठेतरी तुटली असणार."

"अहो, पण एवढ्याशा फटीतून जातं तरी कसं?"

"बोटभर लांब फट पुरे होते. चांदीला चांदी भिडलेली हवी, कडेला तांबं भिडलेलं हवं. मध्ये काही आलं की संपलं."

"काही म्हणजे?"

"कागद, रंग, साधं कापड. काहीही."

काकूंनी खिडकीशी जाऊन पडद्याची कड उलटून पाहिली. आपलं पिवळं अस्तर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. प्रत्येक शिवणीत, चारी कडांना. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

"दादा, हातोडा ठेवा," त्या म्हणाल्या. "भिंत बिचारी निर्दोष आहे. घोळ माझा आहे."

पडदे घरी नेऊन त्यांनी अख्खे उसवले. तीस वर्षांत इतकं उसवलं नव्हतं. मग चांदी चांदीवर दुहेरी दुमडून, दादांनी दिलेल्या धातूच्याच दोऱ्याने शिवण घातली. कडा उघड्या ठेवल्या. दादांनी त्या चौकटीतल्या तांब्याच्या पट्टीवर घट्ट दाबून बसवल्या. पिवळ्या कापडाचे वेगळे पडदे करून काकूंनी आतल्या बाजूला टांगले. खोली एकदम हसरी दिसायला लागली.

"या वेळी तुम्हीच आत बसा," बाई म्हणाल्या.

काकू मांडीवर फोन घेऊन बसल्या. दार लागलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. फोन मुका. दार उघडलं तेव्हा दादा लहान पोरासारखे हसत होते.

"सहा वेळा लावला, काकू! सहा वेळा!"

"मी आपली वाट बघून कंटाळले," काकू म्हणाल्या, आणि तिघंही पोट धरून हसली. मग बाईंनी स्वतः चहा केला.

पंधरा दिवसांनी बाई काकूंच्या दुकानात आल्या. "काल कोर्टात समोरचे वकील नुसते कागद चाळत होते. काहीच ठाऊक नव्हतं त्यांना. माझ्या अशिलाला घरात राहायचा हक्क मिळाला." त्यांनी काकूंचा हात दाबला आणि गेल्या.

सूनबाईंनी काज करता करता मान वर केली. "कोण हो त्या, आई? कसले पडदे शिवलेत त्यांना?"

काकूंच्या जिभेवर सगळं आलं होतं. त्यांनी सुई दातांत धरली, दोरा तोडला आणि म्हणाल्या, "साधेच गं."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं हिरवं कापड टेबलावर पसरलं.