चार बोटं आखूड

मी मापाची काठी बोलतेय. कापडाच्या दुकानातली नव्हे, जमीन मोजणारी तर नव्हेच. मी मेलेली माणसं मोजली. टाळूपासून टाचेपर्यंत, तेवढीच. त्यापलीकडे माणूस किती लांब असतो याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. उघडणारे पुष्कळ होते. त्यांच्याविषयीच मला बोलायचं आहे, कारण त्यांतल्या एकानेही आयुष्यात काही मोजलेलं नव्हतं.

आत्ता मी कुठून बोलतेय ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर बाकीचं तुम्ही ऐकणार नाही.

जमैकाच्या डोंगरातलं पिमेंटो वॉक हे माझं गाव. तिथल्या एका पिमेंटोच्या झाडावरची मी सरळसोट फांदी. लिनव्हल पिनॉक नावाच्या सुतारानं मला तोडलं, साल काढली आणि शाळेच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या प्रेताशेजारी आडवं ठेवलं. मास्तर उंच होते. त्यांच्या टाचेपाशी लिनव्हलनं मला कापलं आणि माझी लांबी ठरली.

आमच्याकडची रीत अशी की प्रत्येक मेलेल्यासाठी नवी काठी तोडायची, आणि शवपेटी तयार झाली की ती काठी त्याच्यासोबत पेटीत ठेवायची. ज्याचं माप त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. मागं राहिलं, तर मेलेला आपल्या मापाचा माग काढत परत येतो. त्या हिशेबानं मी मास्तरांबरोबरच जमिनीत जायची. पण त्याच आठवड्यात लिनव्हल शनिवारच्या देवळात गेला होता आणि नव्या बाप्तिस्म्याचं पाणी त्याच्या अंगावर अजून सुकलं नव्हतं.

गावात देवळं दोन. रविवारवाले सांगायचे, आत्मा मरत नाही. श्वास सुटला की तो लगेच वर जातो, नाहीतर खाली, आणि खाली गेलेला कायमचा जळतो. शनिवारवाले सांगायचे, आत्मा वगैरे वेगळं काही नसतं. मेलेला माणूस झोपलेला असतो, शेवटच्या दिवशी सगळ्यांना उठवतील, चांगल्यांना ठेवतील आणि वाईटांना जाळून राख करतील, एकदाच. मी दोघांचंही लक्ष देऊन ऐकलं. आग दोघांकडेही होती. भांडण होतं ते ती किती वेळ पेटती ठेवायची यावर.

लिनव्हलनं मला पेटीत ठेवलं नाही. मास्तरांच्या नावाची एक खाच माझ्या टोकाशी पाडली आणि पुढच्या मेलेल्यालाही माझ्यानंच मोजलं. त्याच्या टाचेपाशी दुसरी खाच. गाव पेटलं.

"लिनव्हल, माझ्या नवऱ्याला तू त्या मास्तरच्या काठीनं मोजलंस?" मिस प्रिन्सेस दारात येऊन म्हणाली. "जिवंतपणी दोघं एका बाकावर बसले नाहीत."

"मिस प्रिन्सेस, झोपलेल्या माणसाला पलंग कुणी बनवला ते कळतं का?"

"माझ्या नवऱ्याला कळायचं. पलंग करकरला की सुताराच्या आईचा उद्धार करायचा."

लिनव्हल हसला नाही. त्याला नवा धर्म चढला होता. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली. मेलेल्याला काही कळत नाही असं दिवसभर सांगणाऱ्या या माणसानं मला एकदाही घरात नेलं नाही. बाहेर पत्र्याखाली, खिळ्यावर टांगलं. आणि मागं काही उरत नाही असं सांगणारे रविवारचे पाळक वेदरबर्न माझ्या अंगावरून कधी गेले नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. त्या दिवसापासून मी ज्याचा आवाज मोठा त्याच्या पायांकडे बघते. पाय कुठून चाललेत ते पाहावं.

माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, लिनव्हलचा धाकटा भाऊ हेडली. तो बॉक्साइटच्या खाणीवर ट्रक चालवायचा, रम प्यायचा, डॉमिनोजच्या खेळात हरला की टेबल उलटवायचा. बारा वर्षांचा झाल्यापासून कुठल्याच देवळाची पायरी चढला नव्हता. पण गावात कुणी गेलं की कबर खणायला पहिला हजर. आमच्याकडे वर वीतभर लाल माती आणि खाली चुनखडीचा खडक. कबर खणायची म्हणजे छिन्नी-हातोडा लागतो. हेडली शनिवारवाल्यांची खणायचा, रविवारवाल्यांचीही. कुणाकडून काही घ्यायचा नाही, आणि प्रार्थना सुरू झाली की निघून जायचा.

"काय म्हातारे, मला कधी मोजणार?" येता-जाता तो मला विचारायचा.

"काठीशी काय बोलतोस?" लिनव्हल चिडायचा.

"मग कुणाशी बोलू? तुझ्या देवळातले मेलेले बोलत नाहीत. आईच्या देवळातले नुसते ओरडत असतात. मधे हीच एक शहाणी आहे."

माझ्यावर त्रेचाळीस खाचा झाल्या तेव्हा एका मंगळवारी सकाळी उतारावर हेडलीचा ट्रक उलटला. तो पस्तीस वर्षांचा होता.

त्याला आईच्या घरी, पुढच्या खोलीत बर्फावर ठेवलं. लिनव्हल मला घेऊन आला. टाळूशी माझं एक टोक लावलं, आणि माझं दुसरं टोक टाचेपर्यंत पोचलंच नाही. मास्तरांपेक्षाही हेडली उंच होता हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो नेहमी वाकून खणत असायचा. उरलेल्या जागेत लिनव्हलनं आपली बोटं आडवी ठेवली. चार बोटं. खाच पाडायला माझ्यावर जागाच नव्हती. त्यानं मला कोपऱ्यात उभं केलं आणि तिथंच विसरून गेला. विसरला असं तो म्हणतो.

त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं.

पाळक वेदरबर्न आले. मिस आयडालिन त्यांच्याच देवळातली, चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसणारी. हेडलीची आई, आणि लिनव्हलचीही. ती चहाचा पेला घेऊन बसली होती.

"मिस आयडालिन, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही," पाळक म्हणाले. "हेडलीनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. तो आता कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

"किती दिवस, पाळकसाहेब?"

"तिथं दिवस नसतात."

तिनं पेला खाली ठेवला. त्यानंतर तिनं अन्नाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी लिनव्हल लापशीची वाटी घेऊन तिच्यासमोर बसला. "आई, पाळकांचं ऐकू नकोस. हेडली झोपलाय. त्याला काहीही होत नाहीये."

"आणि शेवटच्या दिवशी?"

लिनव्हलनं वाटीत चमचा फिरवला.

"तुझ्या देवळाचं सांग. शेवटच्या दिवशी त्याला उठवणार. मग?"

"एकदाच, आई. मग संपतं."

"म्हणजे झोपेतून उठवून जाळणार." ती वाटीकडे न बघता म्हणाली. "जा, तुझी लापशी घेऊन जा."

या बाईला एवढंच हवं होतं की आपला मुलगा कुठे आहे ते कुणीतरी सांगावं, आणि सांगणाऱ्यानं त्याला ओळखलेलं असावं. एवढ्यासाठी ती उपाशी मरायला निघाली होती. आणि गावातल्या दोन देवळांच्या शहाण्यांनी काय केलं? जाहीर वाद ठेवला.

हा वाद तीन वर्षं ठरत होता. कधी पाळकांना वेळ नसायचा, कधी शनिवारवाल्यांच्या प्रमुखांना, एल्डर मॅकनीशना. हेडली मेल्यावर मात्र एका दिवसात दोघांचा होकार आला. गुरुवारी दुपारी क्रिकेटच्या मैदानावर तंबू लागला, फलक लागला: मेलेला माणूस कुठे असतो? कोण मेलेला ते लिहायची गरज नव्हती. मला तेव्हाच संशय आला आणि तो अजून फिटलेला नाही. दोघांनाही प्रश्न नको होता, मढं हवं होतं.

सगळं गाव आलं. तळलेले मासे आणि कसाव्याच्या कंदाच्या भाकरी विकायला बायका बसल्या. मिस आयडालिनला दोघीजणी धरून घेऊन आल्या. लिनव्हल मला घेऊन आला, कारण एल्डरनी बजावलं होतं, "काठी आण. तोच आपला पुरावा."

एल्डरनी मला उंच धरलं. "त्रेचाळीस माणसं या एका काठीनं मोजली. एक तरी परत आला? मेलेल्याला काही कळत नाही, बंधूंनो. ही काठी साक्ष आहे."

मला कुणी विचारलं नव्हतं.

पाळक वेदरबर्न उठले. "मग विचारा ब्रदर लिनव्हलला. उद्या भावाच्या पेटीत काठी ठेवणार नाही ना?"

"नाही ठेवणार," उत्तर एल्डरनीच दिलं.

"मी लिनव्हलला विचारलं."

लिनव्हल उभा राहिला. हाताला अजून लाकडाचा भुसा होता. तो काही बोलणार, एवढ्यात मिस आयडालिन उठली. दोन दिवसांच्या उपासानं तिला बाकाची पाठ धरावी लागली.

"पाळकसाहेब, तुम्ही माझ्या पोराला कायमचा जाळता. एल्डर, तुम्ही एकदाच जाळता. दयाळू आहात." मागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "लिनव्हल, ती काठी घे. वाच."

"काय वाचू, आई?"

"तुला पाठ आहेत ना खाचा? वाच कुणाकुणाच्या आहेत. मोठ्यानं."

लिनव्हलनं मला एल्डरच्या हातून घेतलं. खाचेवर बोट ठेवून तो नावं घेऊ लागला. मास्तर. मिस प्रिन्सेसचा नवरा. पोस्टातला बेनेट. तापानं गेलेल्या दोन बहिणी. प्रत्येक नावाला मिस आयडालिन एकच प्रश्न विचारायची, "याची कबर कुणी खणली?" आणि लिनव्हल म्हणायचा, "हेडलीनं." दहा नावांनंतर तिनं विचारणं सोडलं, गावच उत्तर देऊ लागलं. एकविसावी खाच एल्डर मॅकनीशच्या वडिलांची. "हेडलीनं," मिस प्रिन्सेस सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. चौतिसावी पाळकांच्या पत्नीची. तिथं लिनव्हलचं बोट थांबलं. दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि हेडलीनं कमरभर पाण्यात उभं राहून तो खडक फोडला होता. सगळ्यांना आठवत होतं. पाळक आपल्या बुटांकडे बघत राहिले.

त्रेचाळीस झाली. "हेडलीची कुठे आहे?" मिस आयडालिननं विचारलं.

"नाही बसली, आई. तो काठीपेक्षा मोठा निघाला."

वाद तिथंच संपला. कोण जिंकलं ते कुणी जाहीर केलं नाही. मासे मात्र सगळे खपले.

शुक्रवारी कबर खणायला दोन्ही देवळांतले पुरुष आले. वाकडी खणली, अरुंद खणली, पुन्हा रुंद करावी लागली. पाळक वेदरबर्ननी कोट काढून तासभर पहार चालवली. शरमेनं चालवली की लोकांनी पाहावं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

झाकण लावायच्या आधी लिनव्हलनं मला आत ठेवलं, हेडलीच्या उजव्या हाताशी.

"ब्रदर," एल्डर खालच्या आवाजात म्हणाले, "हे काय? मेलेल्याला कळतं असा अर्थ होईल."

"म्हणजे आत्मा आहे, हे तरी मान्य झालं," पाळक म्हणाले.

"मी दोघांचंही काही मान्य केलेलं नाही," लिनव्हल म्हणाला. "तिथं त्याला कुणी विचारलंच, तर दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असू दे. कुणी नाही विचारलं, तर ती काठी आहे." आणि त्यानं पहिला खिळा ठोकला.

आतून मी शेवटचं ऐकलं ते मिस आयडालिनचं. बोकडाच्या सुपाचं पातेलं जवळच चुलीवर होतं. "मला द्या थोडं," ती म्हणाली. "आणि मीठ बघा. हेडलीला आळणी चालायचं नाही."

तर मी इथून बोलतेय. वर्षं किती झाली ते मला माहीत नाही. ज्या प्रश्नावर वर तंबू लागले, त्याच्या अगदी शेजारी मी पडून आहे, आणि मला विचारायला कुणी आलेलं नाही. न विचारता सांगते. इथं अंधार आहे. पाऊस पडला की माती ओली होते. गरम होत नाही. ओरडण्याचा आवाज नाही. घोरण्याचाही नाही.

पण माझी साक्ष पूर्ण मानू नका. ज्यांनी पूर्ण साक्ष दिली त्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे. मी लाकूड आहे, मी माणसाच्या बाहेरच्या बाजूला पडून असते. आत काय होतं ते मला दिसत नाही. आणि या माणसाला तर मी चार बोटं आखूड आहे. त्या चार बोटांत काय असेल, ते मी सांगणार नाही.

तुम्हीही सांगू नका. कुणाला आगीत पाठवायचं असेल, तर आधी त्याच्याशेजारी आडवे व्हा आणि पोचता का ते बघा.