पडक्या मशिदीची सफेदी

वाहेदने दाराच्या फटीत गोधडी कोंबली, तरी खालून उजेडाची एक रेघ आत शिरतच होती. त्याने गोधडी पायाने दाबून धरली आणि बाहेरून विचारलं, "आता?"

"आता काही दिसत नाही," आतून गौसिया म्हणाली.

धान्याच्या कणग्यांमध्ये जागा करून ती एकटी अंधारात बसली होती आणि फोटोच्या काचा लाकडी चौकटींत भरत होती. काम खरं वाहेदचं. पण त्याच्या बोटांना घाम फार येई आणि काचेवर ठसे उठत. म्हणून अकोल्याच्या घरी त्याने बायकोला ते शिकवलं होतं, आणि आता तिचा हात त्याच्यापेक्षा सराईत झाला होता. काचेची मसाल्याची, म्हणजे चित्र उमटायची बाजू कुठली, हे ती कोपरा ओठाला लावून ओळखायची. त्या बाजूला ओठ किंचित चिकटे. काच चौकटीत बसली की वरून पत्र्याची पातळ झडप सरकवून द्यायची. मग ती झडप फोटो काढतानाच ओढायची. आधी ओढली तर उजेड लागून काच वाया, आणि ओढायची राहिली तर काचेला काहीच दिसत नाही.

"सावकाश. घाई करू नको," वाहेद म्हणाला.

घाई त्यालाच झाली होती. तो अंगणात जाऊन आभाळ बघून आला, कॅमेऱ्याची तिवई उलगडून पुन्हा मिटली, आणि परत दाराशी येऊन उभा राहिला. उन्हाळ्याची सुटी होती, माणसं सावली धरून पडली होती, पण सासरी आल्यापासून तो एका जागी बसला नव्हता.

वाहेद अकोल्याच्या शाळेत फारसी शिकवायचा. नागपूरचे एक गृहस्थ मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या जुन्या इमारतींवर पुस्तक करत होते. गौसियाच्या माहेरच्या गावाबाहेर, रोहिणखेडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला, एक पडकी मशीद आहे असं वाहेदने त्यांना कळवलं होतं. त्या मशिदीचा फोटो कुणाकडेच नव्हता. कमानींवरची वेलबुट्टी आणि मधल्या कमानीवरची फारसी ओळ स्पष्ट आली, तर फोटो त्याच्या नावानिशी छापू, असं त्या गृहस्थांनी कबूल केलं होतं. शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाहेदने हे सांगून झालं होतं.

माहेरी मात्र गौसियाने यातलं काही सांगितलं नव्हतं. "यंदा तेही राह्याले येऊन राह्यले," एवढाच निरोप तिने धाडला होता. तिचे वडील गफ्फारमियाँ यांची चुन्याची भट्टी होती. त्यांना मुलगा नव्हता. लग्नानंतर त्यांनी जावयाला भट्टी बघण्याविषयी विचारलं, तेव्हा वाहेद चारचौघांत म्हणाला होता की नाकातोंडात चुना भरून घ्यायला मी शिकलो नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वाहेद बायकोला आणि मुलीला मलकापूरच्या स्टेशनावर आणून सासऱ्यांच्या बैलगाडीत बसवून द्यायचा आणि परतीची गाडी धरायचा. यंदा तो स्वतःहून राहायला येतोय म्हटल्यावर गफ्फारमियाँनी त्याच्यासाठी नवी बाज विणून घेतली.

पहिल्या दिवशी सासरे-जावई दोघे मशिदीकडे गेले. छत केव्हाच पडलं होतं. तिथे आता नमाज होत नसे, दुपारची गुरं तेवढी बसत. पण पुढची भिंत शाबूत होती. वाहेद कमानीच्या काळ्या दगडावर बोटं फिरवत होता, उंच दगडावर चढून मधली ओळ अक्षर-अक्षर लावत होता. गफ्फारमियाँ मागे हात बांधून त्याच्याकडे बघत राहिले. रात्री दस्तरखानावर वाहेद त्या घरात कधी बोलला नव्हता इतकं बोलला. असं काम आसपास कुठे नाही, म्हणाला. पुस्तक उघडलं की नागपूर-मुंबईची माणसं तुमचं गाव बघतील, म्हणाला. आणि हात धुता धुता त्याने सांगितलं, "फोटोआधी तेवढी जागा साफ करून घ्यायला हवी, अब्बा."

त्याच्या मनात बोरीचं झुडूप होतं, शेण होतं, कमानीतली पाखरांची घरटी होती.

"ते माह्यावर सोडा," गफ्फारमियाँ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोताळ्याला गौसियाच्या धाकट्या बहिणीकडे, सलीमाकडे, जेवण होतं. दिवसभर वाहेदचा जीव तिथे लागला नाही. परत यायला दिवेलागण झाली. गावातच राहिलेले गफ्फारमियाँ त्यांच्याही नंतर घरी आले, अंग धुऊन थोडं जेवले आणि झोपले. त्यांच्या हातांना चुना होता, पण तो तर बारा महिने असायचा.

आणि आता, तिसऱ्या दिवशी सकाळी, काचा भरून झाल्या. गौसियाने चौकटी काळ्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातल्या. मशिदीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे ऊन कोवळं असतानाच तिथे पोचायला हवं होतं. गफ्फारमियाँ घरात नव्हते, पुढे गेले असं अम्मी म्हणाली. तिवई खांद्यावर टाकून वाहेद इतक्या झपाझप निघाला की गौसियाला पदर सावरत जवळजवळ पळावं लागलं. त्यांची मुलगी खैरुन्निसा सगळ्यांच्या पुढे होती. निंबापाशी वाट वळते तिथे ती थांबली आणि मागे वळून म्हणाली,

"मशीद नवी झाली."

वाहेद वळणावर आला आणि त्याने डोळ्यांवर हात धरला. समोर उन्हात पांढरी भिंत उभी होती. कमानी पांढऱ्या, खांब पांढरे, तडे लिंपून बुजवलेले. बोरीचं झुडूप नव्हतं, शेण नव्हतं, अंगणात सडा घातला होता. भिंतीपुढे गावातली पाच-सहा जाणती माणसं उभी होती आणि मध्ये ईदची शेरवानी घातलेले गफ्फारमियाँ.

मोतीराम पाटील पुढे आला. त्याने नवा फेटा बांधला होता. "या जावईबापू," तो म्हणाला. काल अख्खं गाव इथंच होतं, हे त्याने सांगितलं. शिड्या त्याच्याच मळ्यातून आणल्या होत्या. बायांनी पाणी वाह्यलं होतं. गफ्फारमियाँनी मात्र कुंचा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता, चुन्याचा तिसरा हात दिवस बुडता बुडता पुरा केला होता.

वाहेद तिवई टाकून भिंतीपाशी गेला. वेलबुट्टीच्या जागी आता नुसते मऊ उंचवटे होते. दगडावर चढून त्याने मधल्या कमानीवरून हात फिरवला. ओळ चुन्याने बुजून गेली होती. एका अक्षराच्या खोबणीत त्याने नख घातलं आणि खरवडून पाहिलं.

"नाही निघत," खालून गफ्फारमियाँ म्हणाले. "डिंक घातला त्याच्यात. घराले लावाले ठेवला होता थो चुना. पाह्या, पाच पावसाळे हालत नाही."

गौसिया निंबाखालून नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवशी चारचौघांत तो बोलला, तेव्हाही आधी कानच असे लाल झाले होते. तिने खैरुन्निसाचा हात घट्ट धरला.

वाहेद दगडावरून उतरला. "छान झालंय," म्हणाला आणि भिंतीला वळसा घालून उत्तरेच्या अंगाला गेला. तिथे उंचावर दगडी जाळीचा एक तुकडा शिल्लक होता. शिडी तिथवर पुरली नसावी, तो तेवढा काळाच राहिला होता. वाहेद त्याच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. जाळीवर अक्षर नव्हतं. पण निदान ती दगडाची दिसत होती.

परत आला तेव्हा तो एकदम मोकळा झाल्यासारखा वाटला. त्याने भराभर तिवई उभी केली, कॅमेरा चढवला आणि म्हणाला, "चला, सगळे उभे राहा. तुमचा काढू."

माणसं एकमेकांना सारत, खाकरत ओळीत आली. मोतीरामने फेट्याचा शेमला पुढे घेतला. गफ्फारमियाँ छाती काढून, हात सरळ सोडून उभे राहिले. गौसियाचा जीव भांड्यात पडला. तिने पिशवीतून एक चौकट काढून वाहेदच्या हाती दिली. त्याने ती कॅमेऱ्याच्या पाठीत बसवली, "हलू नका" म्हणाला आणि रबरी गोळा दाबला. कॅमेरा टकटकला.

"झालं," वाहेद म्हणाला.

माणसांनी श्वास सोडले. गौसिया चौकटीकडे बघत होती. झडप जिथल्या तिथे होती. वाहेदने ती ओढलीच नव्हती.

विसरला असेल, असं तिला क्षणभर वाटलं. मग त्याने चौकट काढून तिच्याकडे दिली आणि तिच्या तोंडाकडे न बघता हळूच म्हणाला, "कोऱ्यांतच ठेव. जाळीला लागेल."

तिकडे गफ्फारमियाँ मोतीरामला विचारत होते की आपली मान वाकडी तर नव्हती ना. मग ते वाहेदजवळ आले. फोटोचा कागद कधी हाती येतो, असं त्यांनी विचारलं. बैठकीत दारासमोर लावू, म्हणाले. मोतीरामलाही एक हवा होता.

"येईल. पावसाळ्यानंतर बघू," वाहेद तिवईचा खिळा सैल करत म्हणाला.

गौसिया चौकट हातात घेऊन उभी होती. पावसाळ्यानंतर काय होईल ते तिला दिसत होतं. काच फुटली म्हणून सांगायचं. मग दर उन्हाळ्यात मलकापूरहून येताना गाडीत अब्बा एकदा तरी विचारतील, अशी कशी वं फुटली, आणि ते तिलाच विचारतील. ती निंबाखालून निघाली आणि सगळ्या पुरुषांच्या देखत भिंतीपुढे आली.

"अब्बा, तुमी हलले," ती म्हणाली.

गफ्फारमियाँ चकित झाले. "मी? मी कुठी हललो?"

"हलले. मले दिसलं. हललं की तोंड पुसल्यासारखं येते. पुन्हा काढा लागते."

मोतीराम हसला. "माशी बसली असंन नाकावर," तो म्हणाला आणि बाकीचेही हसले. गफ्फारमियाँना राग आला. आपण खांबासारखे उभे होतो, हे त्यांनी दोघा-तिघांकडून वदवून घेतलं. गौसियाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने तीच चौकट नवऱ्यापुढे धरली होती.

वाहेद चौकटीकडे बघत होता. "काचा थोड्याच आहेत," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"ही भरलेलीच आहे," तीही तितक्याच हळू म्हणाली.

त्याने वर पाहिलं. गौसियाने नजर खाली घेतली नाही. खैरुन्निसा मशिदीच्या ओट्यावर चढून उड्या मारत होती, ऊन वर येत होतं, आणि लोक पुन्हा जागा धरू लागले होते. वाहेदचे कान पुन्हा लाल झाले. मग त्याने चौकट घेतली.

या वेळी तो काळ्या फडक्याखाली बराच वेळ होता. बाहेर आला तो कॅमेरा सोडून सरळ भिंतीकडे गेला. सासऱ्याच्या दंडाला धरून त्याने त्यांना दोन पावलं सरकवलं, मधल्या कमानीखाली नेमकं आणून उभं केलं, आणि शेरवानीचं वरचं बटण लागलं नव्हतं ते लावलं. गफ्फारमियाँ आपल्या गळ्यापाशी चाललेल्या त्या बोटांकडे बघत उभे राहिले.

वाहेद परत आला. त्याने चौकट बसवली आणि झडप ओढली. पत्रा लाकडात घासल्याचा बारीकसा आवाज गौसियाने ऐकला. भिंतीपुढची माणसं दगडासारखी उभी होती. त्याने गोळा दाबला.

झडप खाली ढकलून चौकट त्याने तिच्याकडे दिली. या वेळी काही सांगितलं नाही. माणसं पांगली, मोतीराम सगळ्यांना मळ्यात न्याहारीला बोलवू लागला. वाहेद भिंतीपाशी जाऊन पांढऱ्या कमानीवर तळवा टेकून उभा राहिला, आणि कुणी हाक मारली तरी लवकर वळला नाही.

गौसिया निंबाखाली बसून चौकट फडक्यात गुंडाळत होती. गफ्फारमियाँ तिच्याजवळ आले. जावई ऐकण्याच्या अंतरावर नाही हे बघून ते खाली वाकले.

"मी हललो नव्हतो, बेटा," ते म्हणाले.

"हाव, अब्बा," गौसिया म्हणाली. तिने फडक्याला दुहेरी गाठ मारली आणि ती एक चौकट पिशवीत न टाकता मांडीवर ठेवली.