चहा पिऊन मग घड्याळ

शाळा सुटल्याची लांबलचक घंटा झाली तेव्हा आई अजून नाश्त्याच्या बशा विसळत होती. रस्त्यापलीकडून पोरांचा एकच गलका उठला. बाबांची झोपमोड नको म्हणून ती ओल्या हातानंच खिडकी लावायला धावली.

"राहू दे उघडी," बाबा खाटेवरून म्हणाले. "सकाळीच सोडली की काय शाळा?"

लेक औषध ओतत होती. तिचा हात थांबला. शाळेची घंटा ज्या कॉम्प्युटरवर चालायची तो बाबांनीच बसवला होता. काल त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला त्यांच्याऐवजी ती गेली होती. बाबांनी अंगावर घेतलेलं ते शेवटचं काम. ते आता अंथरुणातून उठणार नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"टाइमझोन नीट निवडला होता, बाबा. घड्याळही लावलं. निघताना बरोबर होतं."

"निघताना असणारच." बाबांनी दम घेतला. "चहा प्यायलीस?"

"कुठे?"

"शाळेत."

"शिपाईकाका म्हणत होते, घ्या म्हणून. मला घरी यायची घाई होती."

"मग बरोबर."

"पोर तुमच्या काळजीनं पळत आली," आई म्हणाली, "आणि तुम्ही चहाचं काय घेऊन बसलात?"

"अगं, लोकांचा फुकटचा चहा पीत जन्म काढला म्हणतेस ना? तेच. काम झालं की मशीन बंद करायचं. चहा प्यायचा. मग सुरू करून बघायचं. झोपून उठल्यावर त्याला वेळ आठवते की नाही, ते तेव्हाच कळतं."

तिच्या ध्यानात आलं. मशीनच्या पोटातलं घड्याळ इथलीच वेळ धरून होतं. नवी सिस्टिम त्या वेळेलाच जागतिक वेळ समजली आणि सकाळी सुरू होताना, ती इथली करायला, तिनं वर आणखी काही तास चढवले. एवढीशी सेटिंग.

"दुपारी जाते," ती म्हणाली. पहाटेपासून बाबांचा श्वास बदलला होता.

"आत्ता जा. माझी घंटा खोटी नको पडायला."

फाटकात शिपाईकाका पोरांना परत आत वळवत होते. "ताई, घसा फोडून सांगतोय, घंटा चुकली. एकाला पटेल तर शपथ. तुमच्या बाबांनीच इतकी वर्षं सवय लावलीय ना!"

तिनं सेटिंग बदलली. घड्याळ ताळ्यावर आलं. हात पर्सकडे गेला आणि तिथेच थबकला. तिनं मशीन बंद केलं.

"काका, चहा मिळेल?"

चहा कढत होता. समोर घराची खिडकी दिसत होती, उघडी. ती फुंकर न घालता, घोट घोट प्यायली. कप रिकामा झाल्यावर मशीन सुरू केलं. वेळ बरोबर होती. ती फाटकातून बाहेर पडत असताना मधल्या सुट्टीची घंटा झाली, जेव्हा व्हायची तेव्हाच.

घरी आई खाटेच्या कडेला बसली होती, बाबांचा हात हातात घेऊन.

"ऐकली त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, प्यायली बघ चहा." मग त्यांची चादर सारखी करत, "तेवढंच बोलले."

लेकीनं दुसरा हात हातात घेतला. तो गार पडत चालला होता.

संध्याकाळी शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरांचा गलका उठला. आई सवयीनं उठून खिडकीपाशी गेली, कडीला हात लावला, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून परत येऊन बसली.