मोठ्या चिपची पट्टी

धोंडिबाने काउंटरच्या प्लायवर एलईडीच्या तीन पट्ट्या पेटवून दाखवल्या. ३५२८ म्हणजे चिप साडेतीन मिलिमीटर लांब आणि जेमतेम पावणेतीन रुंद, उजेड बेताचा. ५०५० ची चिप पाच बाय पाच, चांगली प्रखर. ५७३० त्याहून लांब. ती लावली तसे अभयने डोळेच मिटले.

"हीच द्या, काका. उद्या बुद्धजयंती. मूर्तीमागे थर्माकोलचं पिंपळपान केलंय, त्याच्या कडेने लावतो."

"ही तापते. खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागेल."

"काका, मी इंजिनियर आहे."

"मग घरीच बनवायचीस की," धोंडिबा म्हणाला, आणि अ‍ॅल्युमिनियम सोबत बांधून दिलं.

त्याची बायको हिरा असती तर तिने पट्टी तासभर चालू ठेवून तळहात लावून पाहिला असता. तिचा हात लागल्याशिवाय खडकीच्या या दुकानातून माल जात नसे. उन्हाळा लागताना ती गेली. तेव्हापासून धोंडिबा पट्टी पेटते एवढंच बघत होता.

दुसऱ्या दिवशी जेवून तो परतला तेव्हा दुकानात करपल्याचा वास होता. दाखवायची ५७३० सकाळपासून चालूच राहिली होती. त्याने ती उचलली. खालची प्लाय काळी पडली होती.

त्याने अभयला फोन लावला.

"अ‍ॅल्युमिनियम लावलंस ना?"

"ते वाकेना हो. थेट थर्माकोलवर चिकटवली. भारी दिसतंय! आम्ही विहारात आलोय. आईसाठी चालूच ठेवलीय."

"आईला बंद करायला सांग."

"तिची कंबर मोडलीय, काका. उठता येत नाही. काय झालं?"

"घरी ये. लगेच."

धोंडिबाने स्कूटर काढली. होळकर पुलावर मिरवणुकीत अडकला, हॉर्न वाजवत कडेकडेने निघाला. येरवड्याला अभयच्या इमारतीत तो पोचला तेव्हा अभय आला नव्हता. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"मथुराबाई! मी पट्टीवाला. आत जळका वास येतोय का?"

"सर्दीने नाक चोंदलंय, बाबा," आतून अभयच्या आईचा आवाज आला. "पण उजेड काय छान पडलाय! सकाळी पांढरा होता. आता पिवळा झालाय. हलतोय पण."

धोंडिबाने दाराला खांदा दिला. पुन्हा दिला. दार हललं नाही.