शून्य उंचीची माणसं

"टेकडीवरचा नवा कचरा डेपो वसाहतीतून दिसणार नाही एवढं नकाशावर दाखव, तुझी नोकरी पक्की," साहेब तिला म्हणाले होते. वसाहत तिच्याच सासरची. पण नोकरी म्हणजे नोकरी.

तिने संगणकासाठी स्क्रिप्ट लिहिली. वसाहतीभर ठिपके पेरायचे, प्रत्येक ठिपक्यावर एक माणूस आहे असं धरायचं आणि त्याला टेकडीवरचा ढीग दिसेल का, ते सॉफ्टवेअरला विचारायचं. उत्तर आलं, कुणालाच दिसणार नाही. साहेबांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

आज वसाहतीत तपासणी होती. ढीग जिथवर चढणार तिथे टेकडीवर लाल फुगा बांधला होता. अधिकारीबाई यायच्या आत तिने सहज स्क्रिप्ट उघडली आणि तिची पाचावर धारण बसली. चाचणीपुरती डोळ्यांची उंची शून्य ठेवली होती, ती तशीच राहिली होती.

"साहेब, घोळ झालाय. आपल्या नकाशातली माणसं आडवी पडलीत."

"कोण?"

"सगळी वसाहत."

आकडा बदलून तिने स्क्रिप्ट पुन्हा चालवली. स्क्रिप्ट मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून सासूबाई छत्री घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"अगं, तो फुगा मला इथूनही दिसतोय. हे यंत्र कुणाला विचारतंय?"

"आई, जरा गप्प बसा ना."

तेवढ्यात अधिकारीबाई आल्या. वर बघून म्हणाल्या, "फुगा तर दिसतोय."

"मॅडम, तुम्ही उभ्या आहात," साहेब म्हणाले. "अहवालात नजरेची उंची दिली आहे. त्या उंचीवरून बघायला हवं."

आणि कोट-टायसकट ते गवतात आडवे झाले. वसाहतीभोवती कंबरेएवढा मातीचा बांध होता. त्याच्यामागे टेकडी गेली, फुगा गेला.

"बघा, नाही दिसत."

"पडले तरी नाक वर," सासूबाई पुटपुटल्या.

अधिकारीबाईंनी आडवं व्हायचा विचार केला असावा, पण साडीकडे बघून सोडून दिला. त्या तिच्याकडे वळल्या.

"नकाशा तुमचा. तुम्ही सांगा."

स्क्रिप्ट संपली. जिथून ढीग दिसेल तो ठिपका लाल; स्क्रीनभर वसाहत लालेलाल, सासूबाईंची गॅलरीसुद्धा. साहेबांनी गवतातून मान हलवली, नाही म्हण, नाही म्हण. छत्री किंचित पुढे सरकली आणि स्क्रीनवर नीट सावली आली.

तिने लॅपटॉप अधिकारीबाईंकडे फिरवला.

"आधीचा नकाशा चुकला होता, मॅडम. चूक माझी. उभ्या माणसाला ढीग दिसेल. कुठूनही."

अधिकारीबाईंनी अहवालावर फुली मारली.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब गवतातूनच म्हणाले.

"नाही यायची ती," सासूबाईंनी छत्री मिटली. "तुम्ही मात्र उठू नका, साहेब. उठलात की दिसेल."